मांदेली आणि तारली: थवे दोघींचे, पाणी वेगळे

बाजारात दोन्ही छोटी मासळी म्हणून शेजारी मांडतात, पण राहणी अगदी निराळी. मांदेली किनाऱ्यालगतच्या उथळ, गढूळ पाण्यातली. खाडीच्या तोंडाशीही शिरते. म्हणूनच मुंबईत वर्सोव्याच्या डोल जाळ्यात, म्हणजे एका जागी बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, भरती-ओहोटीच्या ओढीवर, ती बोंबील-जवळ्याबरोबर येते. अंग सोनेरी, शेपटीकडे निमुळते. पोटाखालचा पर लांबत जाऊन थेट शेपटीला मिळतो. कुशीच्या खालच्या बाजूला मोत्यांसारखे ठिपके ओळीने दिसतात, ते प्रकाश देणारे अवयव. खाणे मुख्यतः जवळा आणि तसलेच बारीक कवचधारी जीव.

तारली मोकळ्या पाण्यातली, वरच्या थरातली. कल्ल्यांत दीडशेच्या आसपास किंवा जास्तच बारीक दाते असतात. त्या गाळणीतून ती डायटमसारख्या सूक्ष्म वनस्पती गाळून घेते. पावसाळ्यात केरळ-कर्नाटकाकडे खालचे थंड, पोषक पाणी वर आले की तिची चंगळ, अंडीही त्याच सुमारास. तिचा हंगाम त्यामुळे लहरी.

रोजच्या ताटाला मांदेलीच बरी: डोके मोडतानाच आतडे ओढून काढा, काट्यासकट कुरकुरीत तळली जाते. तारली चविष्ट, पण तेलकट. बर्फ कमी पडला की खवट होते, आणि खाऊन टम्म झालेली असेल तर आधी पोटच फुटते. घेताना पोट दाबून बघा.