फुकट गेमचे अकरा महिने: एपिक, गॉग आणि स्टीम

नवा संगणक घेतल्यावर गेमसाठी वेगळे पैसे काढायचे नाहीत, दुकाने जे फुकट वाटतात तेवढ्यावरच भागवायचे, असे ठरवून मी एपिक, गॉग आणि स्टीम या संगणकाचे गेम विकणाऱ्या तिन्ही ऑनलाइन दुकानांत खाती उघडली, त्याला आता अकरा महिने झाले. तिन्ही खात्यांत मिळून आज ८७ गेम आहेत; त्यांपैकी २१ इन्स्टॉल केले आणि शेवटपर्यंत खेळलो ते फक्त ६. एरवी विकत मिळणारा गेम ठरावीक मुदतीत शून्य किमतीला घेऊन कायम खात्यावर ठेवता येणे, एवढाच ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ मी येथे धरला आहे. फोर्टनाइटसारखे, खेळायला मोफत पण आत खरेदीचे दुकान मांडून बसलेले गेम या हिशेबात नाहीत.

नियमितपणात एपिकचा हात कोणी धरू शकत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये हे दुकान उघडले तेव्हा पहिला फुकट गेम होता सबनॉटिका. सुरुवातीला पंधरवड्याला एक गेम मिळे, २०१९ मध्ये तो दर आठवड्याला मिळू लागला. आजही गुरुवारी जुना गेम उतरतो आणि नवा चढतो, आणि वर्षअखेरीस तर काही दिवस रोज एक असा रतीब असतो. घेण्याची कृती अर्ध्या मिनिटाची आहे. गेमच्या पानावरचे बटण दाबले की ऑर्डरची खिडकी उघडते, तिच्यात मूळ किंमत, खाली तेवढीच सवलत आणि शेवटी एकूण शून्य, असा हिशेब मांडलेला असतो. ऑर्डर नक्की केली की रीतसर पावतीचा ईमेल येतो. पहिल्या महिन्यात ती पावती मला फार सुखावायची, आपले इतके पैसे वाचले असे वाटायचे. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक गेम मी एरवी विकत घेतलेच नसते, त्यामुळे वाचले काहीच नव्हते. तरीही एखादा गुरुवार हुकला की दिवसभर चुटपुट लागते, आणि दुकानाला माझ्याकडून नेमके तेच हवे असते.

या वाटपामागचा हिशेब एपिक आणि ॲपल यांच्या खटल्यात २०२१ साली उघड झालेल्या कागदपत्रांत पाहायला मिळाला. दुकान उघडल्यापासून सप्टेंबर २०१९ पर्यंत एपिकने ३८ गेम फुकट वाटण्यासाठी निर्मात्यांना सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर दिले होते, त्यात एकट्या सबनॉटिकाचे १४ लाख, आणि त्या बदल्यात जवळजवळ ५० लाख नवी खाती मिळवली होती. म्हणजे नवे गिऱ्हाईक माणशी अडीच डॉलरच्या आत पडले. जाहिरातीच्या खर्चाशी तुलना केली तर हा सौदा स्वस्तच म्हणायला हवा. निर्मात्याला ठरलेली रक्कम एकगठ्ठा मिळत असल्यामुळे आपण गेम घेतल्याने त्याचे नुकसान होते की काय, ही माझी सुरुवातीची टोचणी मात्र या आकड्यांनी शमली.

स्टीमवर चित्र वेगळे आहे. तेथे दुकान स्वतः दर आठवड्याला काही वाटत नाही. एखादा प्रकाशक नव्या भागाच्या तोंडावर जुना भाग शंभर टक्के सवलतीत ठेवतो, तेवढेच. शिवाय तेथे ‘फ्री वीकेंड’ नावाचा दुसरा प्रकार आहे आणि दुसऱ्याच महिन्यात मी त्यात फसलो. शुक्रवारी रात्री मोठा गेम उतरवायला लावला, शनिवारभर डाउनलोड चालले, रविवारी चार तास खेळलो आणि सोमवारी पाहतो तर खेळण्याच्या बटणाच्या जागी खरेदीचे बटण. चूक माझीच होती, कारण मुदत पानावर स्पष्ट लिहिलेली होती. तेव्हापासून गेम कायम ठेवता येईल असे शब्द पानावर दिसल्याशिवाय मी डाउनलोडला हात घालत नाही.

गेम कोणता मिळाला यापेक्षा तो कोठे अडकला हे अधिक महत्त्वाचे आहे, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला पाच महिने लागले. दुकाने फुकट देतात ती बहुधा मूळ आवृत्ती असते, आणि तिचे वाढीव भाग, म्हणजे डीएलसी, त्याच दुकानातून घ्यावे लागतात. एका दुकानाच्या प्रतीला दुसऱ्या दुकानातला डीएलसी सहसा चालत नाही. मित्र एका दुकानात आणि आपण दुसऱ्यात असलो, तर एकत्र खेळता येईल की नाही हे त्या-त्या गेमवर अवलंबून राहते. त्यातच काही मोठ्या प्रकाशकांचे गेम दुकानाच्या लाँचरमधून, म्हणजे गेम उतरवून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधून, सुरू केले तरी आत प्रकाशकाचा स्वतःचा लाँचर उघडतात. असा एक गेम मी प्रवासासाठी मुद्दाम लॅपटॉपवर भरून घेतला होता. प्रवासात इंटरनेट नव्हते. दुकानाचा लाँचर ऑफलाइन निमूटपणे उघडला, पण आतल्या लाँचरने पासवर्ड मागितला आणि तेथेच गाडी अडली. ९० जीबी जागा अडवून बसलेला तो गेम सबंध प्रवासात एकदाही सुरू झाला नाही.

गॉगची खरी किंमत मला त्यानंतर कळली. गॉगवर फुकट गेम क्वचित मिळतात, बहुधा मोठ्या सेलच्या काळात आणि दोन-तीन दिवसांच्या मुदतीत. ते घेताना जाहिरातींचे ईमेल पाठवण्याची संमतीही आपण देतो, जी नंतर सेटिंगमध्ये जाऊन काढता येते. मात्र तेथल्या गेमला डीआरएमचे, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या यंत्रणेचे, कुलूप नसते आणि त्याची इन्स्टॉलर फाइल उतरवून आपल्याजवळ ठेवता येते. मी मिळालेल्या नऊही गेमच्या फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवल्या आणि खात्री करण्यासाठी त्यांतला एक जुना साहसी गेम नेट बंद असलेल्या लॅपटॉपवर टाकून पाहिला. खाते नाही, पासवर्ड नाही, दोन मिनिटांत शीर्षकाचा पडदा समोर आला. एपिकवरचेही काही गेम लाँचरशिवाय थेट चालतात, पण कोणते चालतील हे एकेक तपासूनच कळते.

खात्यावरचा गेम हातचा जाईल ही धास्ती अनाठायी नाही. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने द क्रू या इंटरनेटशिवाय न चालणाऱ्या गेमचे सर्व्हर मार्च २०२४ अखेर बंद केले आणि ज्यांनी पैसे मोजले होते त्यांचाही परवाना पुढे काढून घेतला. आपण गेम नव्हे तर गेमचा परवाना विकत घेतो, हे वाक्य स्टीमच्या खरेदीच्या खिडकीत आता सरळ लिहिलेले असते. पैसे देणाऱ्याची ही स्थिती, तर फुकट घेणाऱ्याने तक्रार करायची कोणत्या तोंडाने?

एका सशुल्क सदस्यत्वासोबत दरमहा मिळणारे गेमही मी चार महिने घेतले. त्यांतले काही थेट खात्यात जमा होतात, तर काहींचा कोड मिळतो आणि तो दुसऱ्या दुकानात जाऊन वापरावा लागतो. माझे तीन कोड ‘नंतर टाकू’ म्हणत मुदतीबाहेर गेले, त्यामुळे तो नाद मी सोडला.

गेम तीन ठिकाणी विखुरलेले असल्यामुळे आपल्याकडे काय आहे हेच आठवेनासे होते. त्यावर प्लेनाइट हा मोफत प्रोग्रॅम चांगला उपाय आहे. तिन्ही दुकानांची यादी तो एका खिडकीत दाखवतो. लिनक्स वापरणाऱ्यांना एपिक आणि गॉगसाठी हिरोइक हा लाँचर सोयीचा आहे. खात्यांना दुहेरी पडताळणी मात्र पहिल्याच दिवशी लावावी, कारण ८७ गेमचे खाते चोरणाऱ्याला ते फुकटात मिळाले होते की विकत घेतले होते याच्याशी काही देणेघेणे नसते.

सध्या माझा नियम असा आहे की, गुरुवारी पान उघडायचे आणि येत्या महिन्याभरात खरोखर सुरू करीन असा गेम असेल तरच घ्यायचा. पूर्ण केलेल्या सहा गेमपैकी एक कोडी सोडवण्याचा छोटा गेम, ज्याच्याकडे मी एरवी ढुंकूनही पाहिले नसते, मला इतका आवडला की फुकटची प्रत खात्यावर असतानाही सेलमध्ये गॉगवर त्याची दुसरी प्रत पैसे देऊन घेतली. जुन्या फोल्डरातल्या सेव्ह फाइल उचलून नव्या फोल्डरात ठेवल्या आणि खेळ जेथे सोडला होता तेथून पुढे सुरू झाला. अकरा महिन्यांत गेम विकत घेण्यावर झालेला एवढाच खर्च, आणि त्याची इन्स्टॉलर फाइल आता हार्ड डिस्कवर दहावी आहे.