जुलैतले महाबळेश्वर आणि जांभ्याचे एक घर

महाबळेश्वरात मुक्कामाची जागा पारखायची तर ती जुलैत पारखावी, कारण मे महिन्यात इथले कोणतेही छप्पर चांगलेच वाटते. गेल्या जुलैत आम्ही दोघे गावाच्या पश्चिम अंगाला असलेल्या एका जुन्या घरगुती निवासात चार रात्री राहिलो. जागा मनापासून आवडली, काही गोष्टी खटकल्या, आणि दोन्हींचे मूळ इथल्या हवेतच आहे.

हे गाव सह्याद्रीच्या माथ्यावर, सुमारे १,३५० मीटर उंचीवर वसलेले आहे. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणची चिंचोळी पट्टी ओलांडून या डोंगरभिंतीला भिडतात, वर चढता चढता थंड होतात आणि आपल्याजवळचे बरेचसे पाणी इथेच रिते करतात. त्यामुळे वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो, आणि पसरणी घाट उतरून वाईला पोहोचेपर्यंत हा आकडा हजाराच्याही आत येतो.

घराच्या मूळ बांधणाऱ्याला हे पुरते ठाऊक असावे. छप्पर उतरते आणि कौलारू आहे, वळचणी चांगल्या खाली आणलेल्या आहेत, आणि पश्चिमेला खोली न काढता बंदिस्त पडवी ठेवली आहे, म्हणजे झड आधी तिच्या अंगावर येते. जांभा सच्छिद्र दगड असल्याने पाणी पितो. म्हणून यजमान पावसाळ्याआधी त्या बाजूच्या भिंतींवर गवताचे जाड आच्छादन बांधून घेतात. हा इथला जुना रिवाज आता कमी होत चालला आहे. या घराने तो सोडलेला नाही, आणि आमच्या जुन्या खोलीत एक थेंबही गळला नाही, याचे श्रेय मी त्यालाच देतो.

‘जुन्या खोलीत’ असे म्हणण्याला कारण आहे. पहिली रात्र आम्ही नव्याने वाढवलेल्या भागात काढली. तिथे सपाट स्लॅब, पश्चिमेकडे भिंतभर काच, कोपऱ्यात बुरशी आणि उशीला कुबट वास. सकाळी सांगताच यजमानांनी कुरकुर न करता खोली बदलून दिली. मात्र ‘दरीच्या दृश्या’साठी घेतलेले दिवसाचे जादा ८०० रुपये परत मिळाले नाहीत. जाहिरातीतले छायाचित्र उघडच हिवाळ्यातले होते. जुलैत दरी चार दिवसांत मिळून वीस मिनिटे दिसली असेल, म्हणजे आम्ही पैसे मोजले ते धुक्याचे!

थंडीचा त्रास मुळीच झाला नाही. या दिवसांत पारा दिवसरात्र विसाच्या आसपास रेंगाळतो. खरा छळ ओलीचा असतो. बिस्किटे तासाभरात सादळतात, धुतलेले कपडे तिसऱ्या दिवशीही दमटच राहतात. स्वयंपाकघराच्या पोटमाळ्यावर, चुलीच्या उबेत पाहुण्यांचे कपडे वाळवून देण्याची इथली सोय मला गिझरपेक्षाही मोलाची वाटली. जेवण साधे आणि गरम मिळाले. एका पाहुण्याने ताज्या स्ट्रॉबेरीचा हट्ट धरला, तेव्हा काकूंनी ते हिवाळ्याचे पीक असल्याचे शांतपणे सांगून जॅमची बरणी पुढे केली.

दरीकडची काचेची खोली डिसेंबरात जरूर घ्यावी, तेव्हा हवा कोरडी आणि स्वच्छ असते. पावसाळ्यात मात्र चुलीच्या भिंतीला लागून असलेली पूर्वेकडची खोली मागून घ्यावी. ती दोघांना पुरते आणि तिचे भाडेही कमी आहे.