क्रोशाचं पिक्सेल-भूत की सुयांवरचा बायनरी मफलर?

गेमवेड्या भाच्याला हाताने विणून काय द्यायचं: व्हिडिओ गेममधलं भूत क्रोशावर, की दोन सुयांवर विणलेला, संगणकाच्या ०-१ च्या भाषेतला (बायनरी) मफलर? वाढदिवस मे महिन्यात असेल तर प्रश्नच मिटला. जळगावच्या उन्हात मफलर कोण घालणार? क्रोशाचं भूत सुती धाग्यात, अडीच मिलिमीटरच्या सुईवर: मॅजिक रिंगमध्ये (ओढून घट्ट होणाऱ्या धाग्याच्या कडीत) ६ मुके खांब (क्रोशाचे आखूड टाके), पुढच्या फेरीत १२, मग १८. सुई जाड घेतली की टाक्यांतून आतलं भरण डोकावतं. खेळणी बिघडतात ती इथेच. धागा क्रोशाला जास्त लागतो, पण चूक उसवणं सोपं. सुयांवरून निसटलेला टाका खालपर्यंत पळतो.

मफलरमध्ये सुलट टाका म्हणजे १, उलट म्हणजे ०. संगणकाच्या अक्षर-कोडात (ASCII) इंग्रजी कॅपिटल ए: ०१०००००१, म्हणजे ८ टाके. मागची ओळ सगळी उलट. फक्त कडेचे ३-३ टाके कायम सुलट, नाहीतर कडा वळतात.

आठवडाच हातात असेल तर भूत. धुळ्याच्या डिसेंबरपर्यंत सवड आणि घेणारा कोड वाचणारा असेल, तर मफलर.