लेकीचं क्रिकेट हेल्मेट, ५ पैकी ४ स्टार

लेक १२ वर्षांची, ओपनिंगला जाते, आणि आता नेटमध्ये सीझन बॉल, म्हणजे कडक लेदर बॉल, सुरू झालाय. आधीचं हेल्मेट घराजवळच्या एका दुकानातून घेतलेलं, त्यांनी एक साइज मोठंच दिलं, पुढच्या वर्षीपण चालेल म्हणे. पळताना सारखं डोळ्यांवर यायचं, मग ही काढूनच ठेवायची आणि वर लोक कौतुक करायचे, काय डेअरिंग आहे पोरीची! मला हे अजिबात पटत नाही. १९६२ ला वेस्ट इंडिजमध्ये, बार्बाडोसला, तिथला फास्ट बॉलर ग्रिफिथचा बॉल नरी कॉन्ट्रॅक्टरांच्या डोक्यात बसला, कवटी फुटली, भारताचे कॅप्टन होते ते, पुन्हा टेस्ट खेळलेच नाहीत. तेव्हा हेल्मेट नव्हती हो, आता आहेत तर घालायची ना.

मग मुंबईत धोबी तलावचं खेळाच्या सामानाचं दुकान गाठलं. काउंटरवरच्या काकांनी आधी टेपने डोक्याचा घेर मोजला, हेल्मेट घातलं आणि पट्टा न लावताच मान जोरात हलवायला सांगितली, जागचं हललं नाही. मग लेदर बॉल घेऊन ग्रिल (तोंडासमोरची जाळी) आणि वरच्या कडेच्या मधल्या फटीत दाबून दाखवला, "ताई, इथून बॉल आत जाता कामा नये." आत बीएस ७९२८:२०१३ चं, म्हणजे क्रिकेट हेल्मेटच्या ब्रिटिश सेफ्टी स्टँडर्डचं, लेबल आहे, ते बघूनच घ्या. मानेचा गार्ड आम्हाला वेगळा घ्यावा लागला, पण घ्याच, २०१४ ला ऑस्ट्रेलियाच्या फिल ह्यूजला बॉल हेल्मेटच्या खाली मानेवरच लागलेला, त्यातच गेला तो.

गेल्या आठवड्यात शॉर्ट बॉल, आपटून उसळलेला, खाडकन ग्रिलवर आला. मी नेटबाहेर, माझे पायच गळाले. कोचने गरगरतंय का विचारलं, तिला काही होत नव्हतं तरी त्या दिवशी परत बॅटिंग दिली नाही, बरोबरच केलं. रात्री म्हणाली, आई मला भीती वाटतेय. दोन दिवसांनी गेली आणि त्याच बॉलरला बॉलिंग टाक म्हणाली. पहिल्या दोन बॉलला पाय लेगला, म्हणजे बॉलपासून लांब, पळाला, तिसऱ्याला नाही पळाला, बॉलच्या मागे सरळ उभी राहिली आणि खाली दाबून खेळली. रन एकपण नाही, पण मला विचाराल तर डेअरिंग ते.

एक स्टार कापला कारण आतलं पॅड घामाने लवकर वास मारतं आणि ग्रिलचे स्क्रू ढिले होतात. लागल्यावर हेल्मेट परत काकांकडे नेलं, त्यांनी ग्रिल वाकलीय का, आतला फोम दबलाय का सगळं तपासलं, स्क्रू बदलले, पैसे घेतले नाहीत.