सोलर झटका जाळी: रोवून विसरायची असेल तर घेऊ नका

ही मेंढ्यांचा कळप ठरल्या जागेत चारायची विजेची हलती जाळी; सौर पॅनेल बॅटरी भरतं आणि तिच्यावरचं मशीन तारांत झटका सोडतं. 50 मीटरचा गुंडाळा, 90 सेंमी उंची, खुंट जाळीतच ओवलेले. मांडायला सोपी, काढायला त्याहून सोपी. महिनोन्‌महिने एकाच जागी ठेवायची असेल तर पक्कं तारकुंपण घ्या, जास्त टिकतं. या जाळीचे पैसे वसूल होतात ते ती हलवल्यावर.

गवत वीतभर वाढलं की कळप आत, चार बोटं उरलं की बाहेर. एका जागी तीन दिवस पुरे. त्यापुढे मेंढ्या नवा फुटवा खुडतात आणि मुळं दुबळी होतात. शिवाय जंतांच्या अळ्या गवताच्या बुडख्यालाच जास्त असतात. जमिनीपर्यंत चारलं की जंतनाशकाचा खर्च वाढतो.

लोकरीतून झटका जात नाही, तो नाकाला बसला पाहिजे. म्हणून 4000 व्होल्ट तरी हवेत आणि तेही जाळीच्या शेवटच्या टोकाला. टेस्टर तिथेच लावा. मशीनपाशी आकडा नेहमीच छान येतो! कमी भरला तर आधी अर्थिंग बघा. कोरड्या मातीत एक रॉड भागवत नाही. मीटरभराचे दोन-तीन गॅल्व्हनाइज्ड रॉड, तीन-तीन मीटरवर, ओलसर जागी ठोका आणि उन्हाळ्यात बुडाशी पाणी ओता. खालच्या तारांना टेकलेलं ओलं गवतही झटका खातं, तेव्हा जाळी मांडण्याआधी तेवढी पट्टी कापून घ्या.

सगळ्यात वाईट म्हणजे बंद पडलेली जाळी. शिंगं अडकतात, कोकरू गुरफटून मरू शकतं. शिंगाळ शेळ्यांसाठी तर सुट्या तारांच्या दोन-तीन ओळीच बऱ्या. नव्या जनावरांना आधी दोन दिवस पक्क्या वाड्यात, आतल्या बाजूने चालू जाळी लावून ओळख करून द्या.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरू दिली की लवकर जाते. पॅनेल पुसत राहा.

अनुदानातून घेणाऱ्यांनी एक बघावं: त्यात बॅटरी बदलून मिळते का? तक्रार इथेच असते. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष ठरवलं, पण ‘शाश्वत विकास’ म्हणत कुरण चराईला कायमचं बंद करायला पैसा सहज निघतो. चारून, हलवून, विसावा देऊन राखायला नाही. पाहणीला आलेला माणूस जाळी किती मीटर ते मोजतो. मागे किती बोटं गवत राहिलं, हे मोजायला त्याच्या फॉर्मात रकाना नसतो.