बॉक्सस्टरला झुनस्पोर्टची जाळी: घ्यावीच, पण आधी रेडिएटर साफ करून

पोर्शे बॉक्सस्टरचं इंजिन सीटच्या पाठीमागे, पण त्याचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, रस्त्याच्या अगदी जवळ. 986 आणि 987 या दोन्ही पिढ्यांत त्यांच्यापुढे कंपनीकडून फक्त रुंद फटींच्या प्लास्टिक पट्ट्या येतात. खडी आणि सुकी पानं सरळ आत जातात. पहिला मार बसतो एसीचा गॅस थंड करणाऱ्या कंडेन्सरला, कारण तो रेडिएटरच्या पुढे असतो.

झुनस्पोर्ट या ब्रिटिश कंपनीची जाळी विणलेल्या स्टेनलेस तारेची, चौकटीत बसवलेली. दगड अडवायला ती उत्तम. छपराच्या पन्हळीची ॲल्युमिनियम जाळी कापून लावणारे बरेच आहेत. ती स्वस्त पडते, पण मऊ असल्याने दगडाने आत दबते. कोणतीही जाळी लावा, कंडेन्सरच्या बारीक पत्र्यांना टेकू देऊ नका. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशांत ओलं स्टील ॲल्युमिनियमला लागलं की ॲल्युमिनियम झपाट्याने गंजतं. निदान बोटभर अंतर हवंच.

खरी मेख पुढे आहे. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत वर्षानुवर्षांचा पालापाचोळा ओला होऊन बसलेला असतो. तो तसाच ठेवून जाळी लावली तर पुढून गाडी छान दिसते आणि आत रेडिएटर कुजत राहतो. म्हणून बंपर उतरवाच. वरचे, खालचे आणि चाकाच्या कमानीतले स्क्रू काढा. बाजूच्या इंडिकेटरमागचा स्क्रू हमखास विसरतो आणि ओढताना बंपरचा कोपरा तडकतो. मग कंडेन्सरचे स्क्रू काढून तो हलकेच पुढे झुकवा. गॅसचे पाइप सोडायचे नाहीत. कचरा हाताने आणि व्हॅक्यूमने काढा, मऊ ब्रश फिरवा, शेवटी मागच्या बाजूने साध्या नळाचं पाणी. प्रेशर वॉशर नको, पत्रे आडवे होतात.

बंपर चढवण्याआधी एसी लावून दोन्ही पंखे फिरतात का बघा. पंखा कमी वेगाने फिरवणारा रेझिस्टर या गाड्यांत वरचेवर जळतो, आणि बंपर उतरलेलाच असताना तो बदलणं सोपं.

ऑर्डर देण्याआधी आणखी एक: 986 च्या एस मॉडेलला आणि 987 च्या टिपट्रॉनिक (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सच्या एस मॉडेलला मध्ये तिसरा रेडिएटर असतो. मधल्या तुकड्यासह संच मागवा, नाहीतर तो उघडाच राहील.