नीटचा फॉर्म भरून देणारी केंद्रं: स्कॅनिंगला झकास, दिव्यांग कोट्याला जपून

नीटचा निकाल लागला की वैद्यकीय प्रवेशाच्या अर्जांसाठी नागपुरात सीताबर्डीपासून मेडिकल चौकापर्यंत 'फॉर्म भरून मिळतील'च्या पाट्या लागतात. साध्या अर्जापुरती ही केंद्रं चांगलीच आहेत: कागद भराभर स्कॅन होतात, फाइल हव्या त्या मापात बसते, प्रिंट लगेच हातात. गाडी अडते ती विशेष आरक्षणाच्या रकान्यांपाशी.

दिव्यांग कोट्याचंच बघा. काउंटरवरचा पोरगा "यूडीआयडी आहे ना?" एवढं विचारून टिक मारतो. पण नुसतं हे दिव्यांग ओळखपत्राचं कार्ड पुरत नाही. नीटसाठी नेमलेल्या तपासणी केंद्राच्या वैद्यकीय मंडळाकडून तपासणी लागते. त्या यादीत मिहानचं एम्स आहे, म्हणून नागपूरकरांची मुंबईवारी वाचते. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2024 च्या ओंकार गोंड निकालानंतर 40 टक्क्यांवर अपंगत्व आहे एवढ्यावरून कोणाला बाद करता येत नाही. मुलाला शिक्षण झेपेल का, हे मंडळानं बघायचं. म्हणून 2025 पासून स्वतःच्या क्षमतेचं प्रतिज्ञापत्रही द्यावं लागतं, आणि केंद्रवाले नेमकी इथेच माती खातात. सगळ्यांना एकच तयार मजकूर: 'सर्व कामे करू शकतो.' सगळंच जमतं म्हटल्यावर मंडळानं समजायचं काय? श्रवणयंत्र लावून किती ऐकू येतं, कुबडी घेऊन जिना चढता येतो का, कोणत्या हाताची पकड किती, हे घरी बसून मुलानं स्वतः लिहावं. केंद्रात फक्त टाइप करून घ्यावं.

कार्डाचा मोबाइलवर फोटो काढू देऊ नका. 40 ते 79 टक्क्यांचं पिवळं कार्ड चकचकीत असतं. फ्लॅश पडला की नेमका टक्क्यांचा आकडा पांढरा होतो. यूडीआयडीच्या पोर्टलवरून ई-कार्डाची पीडीएफ उतरवून तीच जोडा. नावंही ताडून घ्या. दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी, आणि यूडीआयडीत आधारसारखं. नुसता क्रम वेगळा असेल तर समजावता येतं, स्पेलिंग वेगळं असेल तर निकालाची वाट न बघता दुरुस्तीला टाका.

अखिल भारतीय 15 टक्के जागांसाठी केंद्राच्या समुपदेशन समितीचा (एमसीसी) अर्ज वेगळा, राज्याच्या 85 टक्क्यांसाठी राज्याच्या सीईटी सेलचा वेगळा. एकीकडचा दावा दुसरीकडे आपोआप जात नाही. दिव्यांग आरक्षण समांतर, म्हणजे जातीच्या प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं असल्यानं ओबीसी दिव्यांगाला जात वैधता आणि चालू वर्षाचं नॉन क्रीमीलेयरही लागतंच. 'दिव्यांग आहे, मग ते कशाला?' असं कोणी म्हणालं तर सरळ दुसरं दुकान गाठा.

कामठी आणि वायुसेनानगरमुळे संरक्षण कोट्याचे अर्जही इथे बरेच. डी-1 म्हणजे महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या माजी सैनिकांची मुलं, डी-2 सेवेत असलेल्या रहिवासी सैनिकांची, डी-3 बाहेरच्या राज्यातल्या पण बदलीवर महाराष्ट्रात आलेल्यांची. डी-2, डी-3 ची अदलाबदल ही काउंटरवरची ठरलेली चूक.

पैसे स्कॅनिंग-टायपिंगचे द्या. 'काउन्सेलिंग पॅकेज' घेऊ नका. नोंदणीत मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच टाकायला लावा आणि पासवर्ड तिथेच लिहून घ्या. केंद्राचा नंबर पडला की पुढच्या प्रत्येक फेरीचा ओटीपी त्यांच्या फोनवर जातो, आणि रविवारी शटर बंद असतं.